माध्यम, शिक्षक आणि संमेलन : पन्नास वर्षांचा मागोवा

ज्या 1975 साली आपल्या ट्रस्टची नोंदणी झाली, त्याच वर्षी 1 ऑगस्ट रोजी भारतातील सहा राज्यांच्या सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दिसू लागले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि ट्रस्टची पन्नास वर्षे आणि आपल्या देशातील शाळांत नव्या माध्यमांनी केलेला प्रवास यांचा कालखंड जवळजवळ एकच आहे. ट्रस्टच्या शैक्षणिक कार्याची आकडेवारी या स्मरणिकेत अन्यत्र आलेलीच आहे. म्हणून प्रस्तुत लेखात मी थोडा निराळा विषय घेतला आहे. दूरचित्रवाणी, संगणक व भ्रमणध्वनी ही साधने वर्गात आली, तेव्हा ती वापरावयाची कशी हे शिकण्यासाठी शिक्षकांची जी शिबिरे, परिषदा व संमेलने भरली, त्यांचा हा मागोवा आहे. मी व्यवसायाने कापड व्यापारी, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. परंतु शाळांना देणग्या देणाऱ्यांपैकी एक या नात्याने माझ्या हातून जी चूक झाली, तिचे मूळ मला या इतिहासात सापडले.

नवे माध्यम आले की जाणत्यांनी एकत्र बसावे, ही प्रथा आपल्या परंपरेला अपरिचित नाही. धवला टीकेत आलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणारे वयोवृद्ध आचार्य धरसेन यांना आपल्या पश्चात श्रुताचा लोप होईल अशी चिंता वाटू लागली. त्या वेळी दक्षिणापथातील आचार्य महिमा नगरीत एकत्र आले होते. धरसेनाचार्यांनी त्या संमेलनाला पत्र पाठविले, आणि संमेलनाने दोन योग्य मुनी त्यांच्याकडे धाडले. तेच पुष्पदंत व भूतबली होत. त्यांनी मुखोद्गत ज्ञान ग्रंथबद्ध केले, आणि त्या स्मरणार्थ आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतो. श्वेतांबर परंपरेतही पाटलीपुत्र, मथुरा व वल्लभी येथील वाचना प्रसिद्ध आहेत. वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले. स्मरणाकडून लेखनाकडे जाणे हे त्या काळचे केवढे मोठे माध्यमांतर! ते संमेलनातूनच घडले.

मात्र माध्यम बदलले म्हणजे ज्ञान आपोआप पोहोचते असे नाही, याचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे. धवला, जयधवला व महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन केलेल्या होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन मिळे, अध्ययनासाठी मात्र त्या उपलब्ध नव्हत्या. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी व मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्यासारख्या धुरीणांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रतिलिपी होऊ लागल्या. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग 1939 साली अमरावतीहून प्रकाशित झाला आणि 1959 पर्यंत सोळा भाग पूर्ण झाले. ग्रंथ सुरक्षित होते, वेष्टनात नीट बांधलेले होते, त्यांची पूजाही होत होती. परंतु त्यांचा स्वाध्याय होत नव्हता. वाचकांनी हा दाखला ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे पाठ घेणे, शंका विचारणे, मनन करणे, पुनःपुन्हा घोकून तो शुद्ध करणे आणि अखेरीस दुसऱ्यास सांगणे. गेल्या पन्नास वर्षांतील शिक्षक-शिबिरांना हेच माप लावून पाहू.

प्रारंभी उल्लेखिलेला प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी वापरावयास मिळाला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान ही ती सहा राज्ये. महाराष्ट्र त्यांत नव्हता. सकाळी शाळकरी मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम असत. याच काळात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे 12 दिवसांचे वर्ग दूरचित्रवाणी व मुद्रित साहित्य यांच्या साह्याने घेण्यात आले आणि त्यांचा लाभ सुमारे 50 हजार शिक्षकांना झाला. एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी एकच पाठ देणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. परंतु पडद्यावरील व्यक्तीला प्रतिप्रश्न करता येत नसे. 31 जुलै 1976 रोजी प्रयोगाची मुदत संपली आणि उपग्रहाची सेवाही थांबली. मोठी वाचना झाली, पृच्छनेस वाव अल्प राहिला.

त्यानंतरचा टप्पा 1984 चा. त्या वर्षी पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था, म्हणजे आपण जिला ‘बालचित्रवाणी’ म्हणून ओळखतो ती संस्था स्थापन झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आज पन्नाशीकडे झुकली आहे. 1984-85 मध्येच केंद्र सरकारने ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. सुमारे 250 माध्यमिक शाळांना ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी निवडक उच्चशिक्षण संस्थांमधील साधन केंद्रांवर सोपविण्यात आली. शिक्षक तेथे जाऊन शिकून येत. परंतु शाळेत परतल्यावर त्या विषयावर बोलावयास दुसरा कोणी नसे. यंत्र अडले की शिक्षणही अडे. शंका उद्भवते ती शिबिरात नव्हे, तर वर्गात मुलांसमोर उभे असताना. आणि तेव्हा विचारावे कोणाला, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांची उद्बोधन शिबिरे फार मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. त्यांची पद्धत अशी की, वरच्या स्तरावर काही जणांना शिकवावे, त्यांनी जिल्ह्यात शिकवावे, जिल्ह्याने तालुक्यात. कापडाच्या धंद्यात माल गिरणीतून निघून घाऊक, अर्धघाऊक व किरकोळ अशा हातांतून जातो, तेव्हा भाव वाढत जातो, माल मात्र तोच राहतो. शिकवणुकीचे तसे नाही. प्रत्येक हाताला तिच्यातील काही ना काही गळून पडते आणि शेवटच्या शिक्षकापर्यंत बहुधा टिपणांचे कागदच पोहोचतात. यावर उपाय म्हणून 1996 साली कर्नाटक व मध्य प्रदेशात एक उल्लेखनीय प्रयोग झाला. दिल्लीतील तज्ज्ञांचे चित्र उपग्रहामार्फत शिक्षकांच्या केंद्रांपर्यंत जाई आणि केंद्रांतील शिक्षक दूरध्वनीवरून त्यांना प्रश्न विचारू शकत. वीस वर्षांनी का होईना, पृच्छनेला वाट मिळाली. पुढे 20 सप्टेंबर 2004 रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला आणि त्याच वर्षी शाळांतील माहिती तंत्रज्ञानासाठी केंद्र सरकारची योजना सुरू झाली.

याच सुमारास, म्हणजे 2003 साली, मी व माझ्या काही सहकाऱ्यांनी एका ग्रामीण शाळेस संगणक भेट दिले. समारंभ थाटात झाला. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली. यंत्रांना धूळ लागू नये म्हणून मी माझ्याच दुकानातील कापडाची आच्छादने शिवून दिली. तीन वर्षांनी काही कामानिमित्त त्या शाळेत जाण्याचा योग आला. संगणक-कक्षाला कुलूप होते. आत शिरताना पादत्राणे बाहेर काढावयास सांगितले. आच्छादने जशीच्या तशी, घडीही न मोडलेली. मला प्रथम त्या शिक्षकांचा राग आला. एक शिक्षक नम्रपणे म्हणाले, “शेठजी, हे बिघडले तर भरून कोण देणार? आणि आम्हांला शिकवलंय कोणी?” त्यांच्या दोन्ही प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. परतताना मला मूडबिद्रीच्या वेष्टनांची आठवण झाली. दर्शन होते, स्वाध्याय नव्हता. आणि येथे कुलूप लावणारा मीच होतो, कारण यंत्रासाठी पैसा काढताना शिक्षकासाठी एक रुपयाही वेगळा काढावा असे मला सुचले नव्हते.

महाराष्ट्रात चित्र पालटले ते शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवावयास प्रारंभ केला तेव्हा. 22 जून 2015 रोजी राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा निर्णय काढला. त्यानंतर ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला आणि त्यांच्या कार्यशाळा ठिकठिकाणी भरू लागल्या. अनेक गावांनी लोकवर्गणीतून आपल्या जिल्हा परिषद शाळा डिजिटल केल्या. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील शाळेचे काम त्यात विशेष गाजले. याच काळात ‘शिक्षणाची वारी’ हा उपक्रम निघाला. पंढरीच्या वारीचे नाव घेतलेल्या या संमेलनात शिक्षक आपापल्या वर्गातील साधने व प्रयोग दालनांत मांडून बसत आणि इतर जिल्ह्यांतून आलेले शिक्षक दालनोदालनी फिरून चौकशी करीत. येथे व्यासपीठावरचा वक्ता मुख्य नव्हता. ज्याने स्वतः करून पाहिले, तोच सांगणारा होता. म्हणजे पाचवे अंग, दुसऱ्यास सांगणे, येथे प्रथमच मध्यभागी आले. ज्याला उद्या सांगावयाचे असते, तो आज अधिक लक्षपूर्वक शिकतो, हा अनुभव पाठशाळेत शिकविणाऱ्या आपल्या भगिनी देतीलच.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत लावून कविता, ध्वनिफिती व चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचविल्या. पुढे असे संकेत बालभारतीच्या पुस्तकांवरही छापले जाऊ लागले. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे घोषित केले. आपल्या परंपरेत अपरिग्रहाचे महत्त्व मोठे. त्या दृष्टीने मला ही गोष्ट पुरस्काराहूनही मोठी वाटली.

दरम्यान, 2017 साली दोन घटना घडल्या. तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर बालचित्रवाणी बंद पडली, आणि 5 सप्टेंबर रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले. एक दिवा विझला व दुसरा लागला, असे म्हणून समाधान मानता येईल. परंतु जुन्या संस्थेत माणसांच्या हाताला जो अनुभव आला होता, तो नव्या व्यासपीठावर आपोआप उतरत नाही. 21 ऑगस्ट 2019 रोजी ‘निष्ठा’ हा प्राथमिक स्तरावरील सुमारे 42 लाख शिक्षक व शाळाप्रमुखांसाठीचा कार्यक्रम आरंभला गेला. तो प्रत्यक्ष शिबिरांचा होता. मार्च 2020 मध्ये महामारीने शाळा बंद केल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ‘निष्ठा’ 18 घटकांच्या रूपाने ‘दीक्षा’वर आली. घरबसल्या शिकण्याची सोय झाली, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही घटक संपला व प्रमाणपत्र हाती आले, म्हणजे स्वाध्याय झाला असे समजता येत नाही. मनन व आवृत्ती यांसाठी सोबत लागते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ते 50 तास कसे जातात, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

पन्नास वर्षांच्या या इतिहासातून मला उमगलेली गोष्ट एवढीच. उपग्रह, संगणक, क्यूआर संकेत ही सारी वेष्टने आहेत. ती बदलत राहतील. ज्या ज्या वेळी शिक्षक एकत्र बसले, शंका विचारू शकले आणि परस्परांना सांगू लागले, त्या त्या वेळी माध्यम वर्गात रुजले. अन्यथा ते कपाटात राहिले. धरसेनाचार्यांनीही संमेलनाकडे माणसेच मागितली होती.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. ट्रस्ट यापुढे ज्या शाळेस कोणतेही यंत्र देईल, त्या यंत्राच्या किमतीचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी व शिक्षकांच्या एकत्र बसण्यासाठी बाजूस काढावा. दरवर्षी श्रुतपंचमीच्या सुमारास, शाळा उघडण्यापूर्वी, आपले सभागृह पंचक्रोशीतील सर्व शाळांच्या शिक्षकांना दोन दिवस विनामूल्य द्यावे, भोजनाची व्यवस्था करावी, आणि व्यासपीठावर आम्हां देणगीदारांपैकी कोणीही बसू नये. शास्त्रदानाला आपल्याकडे मोठे पुण्य मानले आहे. परंतु ते दान शास्त्र वाचले गेल्यावरच पूर्ण होते. त्या शाळेतील संगमरवरी पाटी आजही जागेवर आहे. तिच्यावरचे माझे नाव वाचताना मला संकोच वाटतो. पहिल्या संमेलनाच्या भोजनाचा भार मला उचलू द्यावा, एवढी विनंती करून लेखणी खाली ठेवतो.

जय जिनेंद्र!