रक्तक्षय : जीवनसत्त्वे व आहार यांद्वारे उपचार

रक्तक्षय (पांडुरोग, ॲनिमिया) : रक्तातील हीमोग्लोबिन ठराविक मर्यादेखाली जाण्याची अवस्था. ही मर्यादा प्रौढ पुरुषांत दर डेसिलिटरला १३ ग्रॅम, गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम व गर्भावस्थेत सर्वसाधारणपणे ११ ग्रॅम मानतात. थकवा, धाप, छातीत धडधड आणि पापण्यांच्या आतील बाजूचा व नखांचा फिकटपणा ही प्रमुख लक्षणे होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बोटाच्या थेंबभर रक्तावर केलेल्या या मोजणीच्या अचूकतेबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही.

प्रकार : लोहाच्या कमतरतेने तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यास त्या आकाराने मोठ्या होतात. दोन्ही उणिवा एकत्र असल्यास पेशींचा सरासरी आकार सामान्य दिसून निदान चुकू शकते. सिकल सेल व थॅलसेमिया हे आनुवंशिक रक्तक्षय आहाराने बरे होत नाहीत.

मुंबईतील संशोधन : रक्तक्षयावरील जीवनसत्त्वोपचाराचा एक मूलभूत टप्पा मुंबईत पार पडला. १९२६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी मारक रक्तक्षयाच्या रुग्णांना भरपूर यकृत खाऊ घालून गुण आणला होता. मुंबईत गरीब गर्भवतींना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना, मोठ्या पेशींचा तसाच भासणारा रक्तक्षय होई आणि त्यात अनेकींचा जीव जाई. त्याचे कारण शोधण्यासाठी ब्रिटिश रक्तविज्ञ लूसी विल्स (१८८८–१९६४) १९२८ मध्ये भारतात आल्या. मार्गारेट बाल्फर यांच्या मातामृत्यूविषयक चौकशीशी हे काम जोडलेले होते. प्रयोगशाळा परळच्या हाफकिन संस्थेत होती.

प्रथम जंतुसंसर्गाचा संशय होता. आतड्यांतील जंतूंच्या तपासणीतून काही हाती लागले नाही. मग विल्स व सहसंशोधक तळपदे यांनी मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. प्रथिने, फळे व भाज्या ज्यांच्या जेवणात अत्यल्प, त्यांच्यात हा रोग अधिक आढळला. तोच आहार प्राण्यांना देऊन रक्तक्षय निर्माण करण्याचे प्रयोग झाले. उंदरांवरील निष्कर्षांत उवांमार्फत पसरणाऱ्या संसर्गाने गोंधळ झाला. माकडांवरील प्रयोग (सहसंशोधक बिलिमोरिया यांच्यासह, १९३२) अधिक निर्णायक ठरले. यीस्टचा अर्क दिल्यावर माकडे सुधारली. त्याआधीच, जून १९३१ मध्ये, ‘मार्माइट’ हा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन गर्भवती स्त्रिया बऱ्या झाल्याचे विल्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले होते. यकृताचा साधा अर्कही गुणकारी होता. मारक रक्तक्षयावर चालणारा शुद्ध केलेला यकृतार्क मात्र या स्त्रियांना लागू पडला नाही. म्हणजे उणीव वेगळ्या घटकाची होती. या अज्ञात घटकाला ‘विल्स घटक’ म्हणत. हा घटक म्हणजेच फॉलिक आम्ल; १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले. १९४५ च्या सुमारास लेडर्ली प्रयोगशाळेत, यल्लप्रगडा सुब्बाराव ज्या संशोधनाचे प्रमुख होते तेथे, ते कृत्रिमरीत्या तयार झाले. मारक रक्तक्षयावर गुणकारी असलेले ब-१२ हे १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड येथे वेगवेगळे शोधले गेले. रुग्ण स्त्री रोज काय जेवते हे विचारण्यातून निदान घडले, हे मुंबईतील संशोधनाचे सर्वांत मोलाचे अंग होय.

आहार : धान्ये, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते. धान्यातील फायटेट व चहातील टॅनिन हे शोषण आणखी घटवतात. म्हणून जेवणाच्या आगेमागे चहा टाळावा. लिंबू, आवळा, पेरू यांतील क-जीवनसत्त्वाने शोषण वाढते. कडधान्यांना मोड आणल्याने व पीठ आंबवल्याने फायटेट घटते. अळीव, राजगिऱ्याची भाजी, चवळी, खजूर, मासे व कलेजी हे उपयुक्त पदार्थ होत. फॉलेट (अन्नातील फॉलिक आम्ल) फार वेळ शिजवल्याने नष्ट होते. भाजीचे पाणी फेकू नये. तीव्र रक्तक्षय केवळ आहाराने भरून निघत नाही, औषध लागतेच.

ब-१२ व शाकाहार : हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारींना ते मुख्यतः दूध व दही यांतून मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी गर्भवतींत त्याची मोठी कमतरता नोंदवली. ब-१२ कमी व फॉलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनरोध अधिक आढळला. कार्यकारणसंबंधावर संशोधन चालू आहे. ब-१२ न देता नुसते फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

औषधोपचार : लोहाच्या गोळ्या शक्यतो रिकाम्या पोटी घ्याव्यात, मळमळ झाल्यास जेवणानंतर. त्यांनी शौच काळे होते, ते धोक्याचे नाही. हीमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. ब-१२ इंजेक्शनने किंवा मोठ्या मात्रेने तोंडावाटे देतात. पुरुषांत व वृद्धांत लोह कमी आढळल्यास पोटातून रक्तस्राव होत आहे का, हे तपासणे अत्यावश्यक आहे.

बालके : सहा महिन्यांनंतर लोहयुक्त वरचा आहार सुरू करावा.

आयुर्वेद : चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार असून त्यांत माती खाण्याने होणाऱ्या प्रकाराचा समावेश आहे.

सार्वजनिक कार्यक्रम : लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. ‘ॲनिमियामुक्त भारत’ (२०१८) अंतर्गत गर्भवतींना चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी, तर किशोरवयीन मुलांमुलींना आठवड्याला एक निळी गोळी देतात, सोबत जंतनाशकही. रेशनवरील तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ मिसळण्याच्या धोरणाबद्दल, विशेषतः थॅलसेमिया व सिकल सेलच्या रुग्णांसंबंधी, मतभेद आहेत. गोळी वाटली गेली म्हणजे ती पोटात गेली असे नव्हे. गोळी का सोडली हे स्त्रियांना विचारणे आणि त्यावर उपाय करणे हा या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.