एकाच सॉकेटचे दोन भाव

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात 'सर्व्हर' म्हटलं की आधी आठवतो तो "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असं सांगणारा काउंटरमागचा माणूस. प्रत्यक्ष यंत्र फारसं कुणी पाहिलेलं नसतं. पाहिलंच, तर थोडी निराशा होते. टेबलाखाली काळा डबा, शेजारी यूपीएस, वर धूळ. डबा उघडा, पंखा काढा, आणि प्रोसेसर ज्यात बसलाय ते सॉकेट बघा. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीतही बहुधा तसलंच असतं!

मग जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः ईसीसी मेमरीचे. ही मेमरी दर ६४ बिटांमागे तपासणीचे ८ बिट जादा ठेवते. एक बिट चुकला तर दुरुस्त करते, दोन चुकले तर निदान ओरडते तरी. हे चोचले वाटत असतील तर एक हिशोब करा. ऊसतोडीहून परतलेल्या जोडप्याने पतसंस्थेत ५,००० रुपये ठेवले. संगणकाच्या भाषेत या आकड्यात ४,०९६ चा एक बिट असतो. तेवढा एकच उलटला की उरतात ९०४. कुणी चोरी केली नाही, कुणी चुकीचा आकडा टाकला नाही, आणि सहा महिन्यांची कमाई गेली. असं रोज होत नाही, हे खरं. पण झालं तर कळणारही नाही, ही खरी भीती आहे. म्हणजे ईसीसीची गरज मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरइतकीच आपल्या पतसंस्थेलाही आहे.

आता मजा बघा. ही सोय कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, याची कुंपणं गेली पंचवीस-तीस वर्षं सॉकेटच्या आसपास घातली जाताहेत.

पेंटियमच्या काळातलं 'सॉकेट ७' म्हणजे गावचा पाणवठा होता. ३२१ पिनांची जागा, त्यात इंटेल बसे, एएमडी बसे, सायरिक्सही बसे. १९९७ साली इंटेलने पेंटियम-२ आणला तो सॉकेटमध्ये नाही, तर 'स्लॉट १' नावाच्या उभ्या खाचेत, आणि तिथे इतरांना मज्जाव. पण लोक काही कमी नसतात. १९९९ मध्ये अबिट कंपनीने 'बीपी-६' हा बोर्ड काढला. त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन शेजारी शेजारी बसत आणि एकत्र काम करत. गरिबाचा दोन प्रोसेसरांचा सर्व्हर! इंटेलने सेलेरॉन अशा वापरासाठी विकलाच नव्हता. पुढच्या पिढीच्या सेलेरॉनमध्ये ती वाट बंद झाली.

२००४ साली एलजीए ७७५ आलं आणि पिना प्रोसेसरवरून उठून मदरबोर्डवर गेल्या. पूर्वी पिन वाकली तर प्रोसेसर जायचा, आता बोर्ड जाऊ लागला. (वाकलेली पिन सुईने सरळ करणारे कारागीर मी पाहिलेत, घड्याळजीची नजर लागते.) याच सॉकेटसाठी २००६ मध्ये इंटेलने झीऑन ३००० मालिका काढली. त्यातला झीऑन ३०४० आणि घरगुती कोअर टू ड्युओ ई-६३०० यांची कुंडली जुळवून बघा: दोन्ही १.८६ गिगाहर्ट्झ, दोन्हींत दोन मेगाबाइट कॅश, सॉकेट तेच. ईसीसी चालणार की नाही हे तेव्हा बोर्डावरचा चिपसेट ठरवायचा.

२००९ पासून, म्हणजे एलजीए ११५६ पासून, या वर्गात मेमरीचा कारभार प्रोसेसरच्याच पोटात गेला, आणि परवानाही तिथेच गेला. त्यातून निघालेली गंमत म्हणजे २०१३ च्या पिढीत स्वस्तातल्या कोअर आय-३ ला सर्व्हरच्या बोर्डावर ईसीसी चालायची, महागड्या आय-५ आणि आय-७ ला नाही! कारण तांत्रिक नव्हतं, दुकानदारीचं होतं. उलट बाजूने हुशार लोक झीऑन ई-३ घेऊन साध्या बोर्डात बसवत. जवळपास आय-७ च्या ताकदीचा प्रोसेसर कमी पैशात मिळे. २०१५ मध्ये तीही वाट बुजली. एलजीए ११५१ मध्ये नवा ई-३ नीट बसायचा, पण साध्या चिपसेटवर चालूच व्हायचा नाही.

दरम्यान पिनांचा आकडा बदलतच होता: २००९ ला ११५६, २०११ ला ११५५, २०१३ ला ११५०, २०१५ ला ११५१. "पुढे नुसता प्रोसेसर बदला की झालं" असं सांगून एका विक्रेत्याने आमच्या ओळखीच्या एका संस्थेला यंत्र विकलं होतं. चार वर्षांनी बोर्ड गेला तेव्हा धडधाकट प्रोसेसर कपाटात ठेवावा लागला. असो.

कुंपण किती पातळ असतं ते एलजीए ७७१ ने दाखवलं. हे दोन प्रोसेसरांच्या मोठ्या सर्व्हरचं सॉकेट. पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या यादीत जगात चौथा आला, तो याच घराण्याच्या झीऑनवर. १४,२४० कोअर, म्हणजे चार-चारचे ३,५६० प्रोसेसर. पुढे जगभरचे असले सर्व्हर जुन्या बाजारात आले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की ७७१ आणि साध्या ७७५ मध्ये अडचण आहे ती मुख्यतः दोन संपर्कांच्या अदलाबदलीची. मग बोटभर स्टिकर निघाले. सॉकेटचे दोन खुंट ब्लेडने छाटायचे, स्टिकर चिकटवायचा, बायोसने हरकत घेतली नाही की महासंगणकाच्या जातीचा प्रोसेसर घरच्या पीसीत सुरू.

एएमडीने २०१७ च्या रायझनपासून एएम-४ सॉकेटवर ईसीसीला कुलूप घातलं नाही. बोर्डाने साथ दिली तर चालते, फक्त कंपनी हमी देत नाही. मे २०२४ मध्ये त्यांनी एपिक ४००४ ही छोट्या सर्व्हरची मालिका काढली, तीही घरगुती एएम-५ सॉकेटमध्येच. आता दरपत्रक मागवताना प्रोसेसरचं नाव विचारतातच सगळे. त्याखाली आणखी एक ओळ लिहून घ्यावी: बोर्डावर ईसीसी चालू आहे का, आणि ती चालताना दाखवणार का.