ढोल आणि माइक यांतले अंतर

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचे ध्वनिमुद्रण करायचे आम्ही ठरवले. ताशा वाजवणारी जुनी मंडळी आता थकत चालली आहेत. त्यांच्या हातची तर्री पुढच्या मुलांना ऐकायला मिळावी, एवढाच हेतू. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला असल्याने माइकचे काम आमच्याकडे आले. आम्ही माइक ढोलांच्या अगदी पुढ्यात ठेवला. ऐकले तेव्हा सगळी घरघर आणि झांजांचा कलकलाट, ताशा हरवलेला. मग कुठे या विषयाचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवातीच्या काळात माइकच नव्हता. वादक कर्ण्यासमोर वाजवत आणि आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाच कोरत असे. मोठ्या ड्रमच्या ठोक्याने सुई उडण्याची भीती, म्हणून ड्रम मागे ठेवत किंवा वगळत. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि माइक आला. तरी पुढे बरीच वर्षे ड्रमसाठी एक-दोनच माइक, तेही लांब.

एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे आजच्या अ‍ॅबी रोडला, बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चे काम सुरू झाले. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा अवघे २० वर्षांचे. हवेच्या दाबाने माइक बिघडू नये म्हणून तो मोठ्या ड्रमपासून ठरावीक अंतरावर ठेवायचा, असा तिथला नियम. एमरिक यांनी ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबून घुमारा कमी केला आणि माइक काही इंचांवर आणला. रिंगो स्टार यांचा ठोका तबकडीवर ठसठशीत उमटला. वरून विचारणा झाली. शेवटी फक्त बीटल्सपुरती लेखी परवानगी मिळाली. सरकारी नोकरीतल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको!

१९६८ मध्ये लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीसाठी ग्लिन जॉन्स यांनी एक माइक ड्रमच्या वर आणि दुसरा बाजूला ठेवला. दोन्ही माइक मधल्या स्नेअर ड्रमपासून सारख्या अंतरावर हवेत, हे या पद्धतीचे मर्म. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. अंतर कमी-जास्त झाले की दोन माइकांतल्या लहरी एकमेकींना खातात आणि ठोका पोकळ होतो.

त्यांचे धाकटे बंधू अँडी यांनी त्याच बँडसाठी हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात उलट वाट धरली. जॉन बॉनम यांचे ड्रम खाली प्रवेशदालनात आणि दोन माइक वर जिन्यातून टांगलेले. १९७१ च्या त्या तबकडीत ड्रमबरोबर सारे घर घुमते.

तात्पर्य, जवळून ठोका मिळतो आणि लांबून जागा. आधी काय ऐकायचे ते ठरवावे, मग माइक ठेवावा. आम्ही नेमके हेच केले नव्हते.

यंदा श्रावणात पुन्हा मुद्रण केले. ताशे पुढे, ढोल मागे, झांजा सर्वांत लांब. एक माइक सभागृहाच्या सज्जातून टांगला, दुसरा बाजूला ठेवला. ताशापासून दोन्हींचे अंतर सुतळीने मोजले. या वेळी काडी न् काडी ऐकू आली.

पण गेल्या वर्षीच्या ताशेवाल्यांपैकी एक ज्येष्ठ यंदा आपल्यात नाहीत. त्यांचे आमच्याकडे राहिले आहे ते पहिलेच मुद्रण, ताशा हरवलेले. ज्यांच्या घरी असे जुने हात आहेत, त्यांनी पुढच्या गणपतीची वाट पाहू नये. आम्हाला कळवावे, माइक आणि सुतळी घेऊन आम्ही येऊ.

गणपती बाप्पा मोरया!