मोकथुक : ल्हासाहून श्रीनगरला आलेला एक वाडगा

श्रीनगरच्या ईदगाह आणि हवल या भागांत काही घरांतून तिबेटी बोली कानावर पडते. बोलणारे नमाजी असतात, नावे अरबी-फारसी असतात आणि चुलीवर मोमोचे भांडे वाफाळत असते. हे तिबेटी मुसलमान. तिबेटी भाषेत त्यांना ‘खाछे’ म्हणतात. खाछे म्हणजे काश्मीर, आणि म्हणून काश्मिरी. पुढे मुसलमान या अर्थानेही तोच शब्द रूढ झाला.

“तुम्ही मुसलमान, मग मराठी इतके चांगले कसे?” हा प्रश्न ऐकला नाही असा आपल्यातला लिहिणारा विरळाच. खाछेंच्या वाट्याला तो दोन्ही बाजूंनी आला. ल्हासात शेकडो वर्षे राहूनही ते काश्मिरीच होते आणि काश्मिरात परतल्यावर ते तिबेटी ठरले.

काश्मीर आणि लडाखमधून व्यापारी ल्हासाला जात. काही तिथेच राहिले, तिबेटी बायकांशी त्यांचे निकाह झाले, मुले तिबेटी बोलू लागली. पाचवे दलाई लामा (1617–1682) यांच्या काळात त्यांना मशिदीसाठी आणि कबरस्तानासाठी जमीन मिळाली. खाछेंच्या घरांत सांगतात की लामांनी चारही दिशांना बाण सोडले आणि बाण पडले तिथपर्यंतची जागा मुसलमानांना दिली. दंतकथा असेल, पण कोणत्या समाजाला आपल्या यजमानाविषयी अशी दंतकथा जपावीशी वाटते, याला इतिहासात मोल आहे. अंतर्गत तंटे सोडवायला त्यांची स्वतःची पाच जणांची समिती असे. आपल्याकडचा ‘पंच’ हा शब्दच तिबेटी उच्चार घेऊन तिथे पोचला होता.

1684 च्या तिंगमोसगांगच्या तहानंतर लेहहून दर तीन वर्षांनी ‘लोपचक’ नावाचा काफिला ल्हासाला नजराणा घेऊन जाई. नजराणा दलाई लामांचा, पण काफिल्याचा व्यवहार बहुधा लेहच्या मुसलमान व्यापारी घराण्यांच्या हाती. अब्दुल वाहिद राधू यांनी 1942 च्या अशा प्रवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. बौद्ध मठाची भेट मुसलमानाच्या खेचरावरून जाते आणि कुणालाही त्यात काही विपरीत वाटत नाही, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

या दोन्ही बाजूंच्या माणसांनी जे खाल्ले त्यात मोमो आला. हा शब्द बहुतेक जाणकार वाफवलेल्या पावाच्या चिनी नावाशी जोडतात. पण पिठाच्या पारीत खिमा भरण्याची युक्ती एकट्या चीनची नाही. 1330 साली मंगोल दरबारात हू सीहुई याने लिहिलेल्या आहारग्रंथात ‘मांता’ आहे, आणि तुर्कस्तानात आजही ‘मांती’ खातात. फारसीत ‘जोशपारा’, म्हणजे उकळलेला तुकडा. त्याचाच उझबेकी ‘चुचवारा’ झाला, तो रश्श्यात वाढतात. कोणी कोणाकडून घेतले यावर वाद घालण्यात मला रस नाही. काफिला दोन्ही दिशांनी जातो.

मोकथुक म्हणजे मोमो आणि थुक्पा एकत्र : छोटे मोमो रश्श्यात. घरी करायला अवघड नाही, वेळ मात्र हवा. हाडांची यखनी मंद आचेवर दोन तास ठेवावी. आले, लसूण, कांदा आणि मीठ एवढेच तिच्यात. पाव किलो मैदा कोमट पाण्यात घट्ट मळून अर्धा तास झाकावा. पाव किलो खिम्यात बारीक चिरलेला कांदा, आले-लसूण, कोथिंबीर, मीठ आणि दोन चमचे यखनी घालून एकजीव करावे. ही यखनीच आतला रस. पारी पुरीपेक्षा लहान आणि कडेला पातळ लाटावी, कडा नीट दाबाव्यात, नाहीतर रश्श्यात खिमा मोकळा होतो. (माझी पहिली खेप अशीच खिम्याचे सार झाली. घरच्यांनी सभ्यपणे संपवली.) उकळत्या यखनीत सोडले की सात-आठ मिनिटांत होतात. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,650 मीटर उंच. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून तिथल्या बायकांना जास्त वेळ चुलीपाशी थांबावे लागे.

तिखटाचे काय? लाल मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांनी 16व्या शतकात भारतात आणली. तिबेटला ती त्याहून उशिरा गेली असणार. आज ‘सेपेन’ नावाची मिरचीची चटणी वाडग्यात घालतात. पण तिच्या आधीपासून तिथे ‘येरमा’ होता, जिभेला झिणझिण्या आणणारे बारीक फळ. ते आपल्या तिरफळाच्याच कुळातले आहे. कोकणात बांगड्याच्या तिखल्यात घालतात, तेच तिरफळ. मिरची सगळीकडे सारखी चावते. तिरफळाची झिणझिण ज्याला ओळखीची, त्याला हा रस्सा पहिल्याच घोटात परका वाटत नाही.

1959 च्या उठावानंतर खाछेंनी काश्मिरी वंशाच्या आधारावर भारतीय नागरिकत्वाचा हक्क सांगितला. भारत सरकारने तो मानला आणि 1960 नंतर कुटुंबे कालिंपोंग, दार्जिलिंगमार्गे उतरली. बरीच पुढे श्रीनगरला गेली. पूर्वजांच्या गावी आलेल्यांना तिथे काय मिळाले? नागरिकत्व मिळाले, पण त्या वेळच्या राज्याचा ‘कायम रहिवासी’ हा दाखला बहुतेकांना मिळाला नाही, आणि त्याशिवाय जमीन नाही, सरकारी नोकरी नाही. मग भरतकाम, छोटी दुकाने आणि मोमोची गाडी. 2019 मध्ये कलम 35अ गेले, 2020 मध्ये 15 वर्षांच्या वास्तव्यावर अधिवासाचा नियम आला. त्या नियमाने त्यांची अडचण सुटते. पण ज्यांना ‘घरी परतलात’ म्हणून बोलावले, त्यांना साठ वर्षे दाखल्याच्या दारात उभे करणारे आपणच होतो, हेही लिहायला हवे. दलाई लामा 2012 साली श्रीनगरमधल्या त्यांच्या शाळेत भेटायला आले, तेव्हा त्यांच्याशी बोलणे तिबेटीतच झाले.

मी ही कृती घरी पहिल्यांदा नीट जमली तेव्हा आईला वाडगा दिला. सावंतवाडीकडची ती, मोमोचे नाव तिने ऐकले नव्हते. येरमा मिळाला नाही म्हणून मी दोन तिरफळे ठेचून घातली होती आणि वाढण्याआधी काढली होती. तिने दोन घोट घेतले, एक मोमो फोडून पाहिला आणि म्हणाली, “बरं आहे. पण तिरफळ आणखी दोन घालायची होतीस.”