कस, निकष आणि ॲसिड टेस्ट

‘ॲसिड टेस्ट’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचे भाषांतर पुष्कळदा ‘अग्निपरीक्षा’ असे केले जाते. अर्थ निभावतो, पण यात अग्नीचा काही संबंध नाही. संबंध आहे तो नायट्रिक आम्लाच्या थेंबाशी. दागिना काळ्या दगडावर घासायचा आणि उमटलेल्या रेघेवर आम्ल सोडायचे. तांबे, चांदी विरघळतात. सोने तसेच राहते. सगळीच रेघ गेली, तर दागिना पितळेचा!

आपला ‘कस’ याहून कितीतरी जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निकषावरील, म्हणजे कसोटीच्या दगडावरील, रेघेच्या रंगावरून सोन्याचे सोळा वर्ण ठरविले आहेत. अकबराच्या टांकसाळीतही हीच रीत होती. ‘ऐन-इ-अकबरी’त तिला ‘बनवारी’ म्हटले आहे. मराठीतले ‘बावनकशी’ याच घराण्यातले. इंग्रजी शब्दप्रयोग खरे की खोटे एवढेच विचारतो. कस मात्र ‘किती खरे’ तेही सांगतो. आजच्या हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा तेच सांगतो: हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणजे २२ कॅरट.

पनवेलच्या परिसरात, अगदी कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत, काळा बेसाल्ट मुबलक आहे. मग सराफ तो का वापरत नाहीत, असे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. या खडकाच्या पोकळ्यांत अनेकदा कॅल्साइट असते आणि ते आम्लाने फसफसते. कसोटीचा चांगला दगड बहुतांशी सिलिकाचा, बारीक पोताचा आणि सोन्याहून कठीण असतो. नायट्रिक आम्लाला तो दाद देत नाही.