यंत्र तेंच कीं दुसरें?

घरच्या संगणकाचा मदरबोर्ड बिघडतो, दुरुस्ती करणारा नवा बोर्ड बसवून देतो, आणि यंत्र पुनः सुरू होऊन थोडा वेळ गेला कीं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत, अगदीं खालीं, फिकट अक्षरें दिसूं लागतात : विंडोज ॲक्टिव्हेट करा. पेटी तीच, पडदा तोच, आंत सांठविलेलीं पत्रें आणि छायाचित्रें तींच; परंतु ज्या आज्ञावलीवर सारें यंत्र चालतें ती म्हणूं लागते कीं, हें यंत्र माझ्या ओळखीचें नाहीं. रीतसर पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल असा जाब कोणी विचारला तर मनुष्य चिडतो, आणि तें स्वाभाविकच आहे. हा जाब विचारण्याची चाल कां पडली, आणि त्याला उत्तर देण्याची रीत गेल्या पंचवीस वर्षांत कशी बदलत गेली, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

मूळ तक्रार याहून जुनी आहे. १९७५ सालीं अमेरिकेंतील अल्बुकर्की शहरीं अल्टेअर ८८०० या नांवाचा एक लहान संगणक विक्रीस निघाला. त्याच्यासाठीं बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोघां तरुणांनीं बेसिक ही भाषा तयार केली. ती भोंकें पाडलेल्या कागदी फितीवर मिळे. कॅलिफोर्नियांतील हौशी मंडळींच्या हातीं अशी एक फीत लागली, तिच्या नकला निघाल्या, आणि त्या मित्रांमित्रांत वाटल्या गेल्या. त्यावर गेट्स यांनीं ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचें एक उघडें पत्र लिहिलें. अल्टेअर बाळगणाऱ्यांपैकीं शेंकडा दहांहूनही कमी लोकांनीं बेसिक विकत घेतली असून, आम्हीं घातलेल्या वेळाचा मोबदला तासाला दोन डॉलरसुद्धां पडत नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. पत्राचा सूर कडक होता आणि मंडळी रागावलीं; तथापि तक्रार खोटी नव्हती. पोथी उतरून घ्यावयास महिना लागतो आणि बोटें दुखतात. फितीची नक्कल मिनिटांत होते, आणि नक्कल कोणती व अस्सल कोणती हें फितीवरून ओळखतां येत नाहीं.

पुढें दहापंधरा वर्षें या दुखण्यावर नाना औषधें झालीं. कोणी विक्रीच्या फ्लॉपीवर मुद्दाम एक असा दोष ठेवीत कीं नकलेंत तो उतरूं नये. कोणी डोंगल नांवाचा लहानसा ठोकळा देत, व तो प्रिंटरच्या जोडणींत बसविल्यावांचून आज्ञावली चालत नसे. लबाडांना यांतूनही वाट सांपडे. अडचण झाली ती विकत घेणाऱ्याची, कारण मूळ फ्लॉपी खराब झाली कीं त्याचें काम थांबलेंच. म्हणून पुष्कळ विक्रेत्यांनीं फ्लॉपीवरील बंधनें कालांतरानें सोडून दिलीं.

मग आली आंकड्यांची किल्ली, म्हणजे प्रॉडक्ट की. विंडोज ९५ ची दुकानांत मिळणारी प्रत बसवितांना आधीं तीन व मग सात असे दहा आंकडे भरावे लागत. शेवटच्या सात आंकड्यांच्या बेरजेला सातानें निःशेष भाग गेला कीं यंत्राचें बहुतेक समाधान होई. त्यामुळें दहाही ठिकाणीं नुसता एक भरला तरी दार उघडे, कारण सात एकांची बेरीज सातच! हें कोडें पांचवींतल्या मुलांनींही सोडविलें असतें. विंडोज ९८ मध्यें किल्ली पंचवीस अक्षरांची व पुष्कळ अवघड झाली. पण मुख्य उणीव तशीच राहिली. किल्ली खरी आहे एवढेंच यंत्राला समजे. तीच किल्ली आणखी किती घरांत फिरून आली हें समजण्यास कांहीं साधन नव्हतें.

तें साधन २००१ सालीं आलें. ऑफिस २००० च्या वेळीं कांहीं देशांपुरता प्रयोग झाला होता. नंतर ३१ मे २००१ रोजीं ऑफिस एक्स-पी आणि २५ ऑक्टोबर २००१ रोजीं विंडोज एक्स-पी बाजारांत आली, आणि ॲक्टिव्हेशन हा शब्द घराघरांत शिरला. किल्ली भरल्यापासून तीस दिवसांच्या आंत कंपनीकडे नोंद करणें भाग झालें. इंटरनेट असलें तर हें काम क्षणांत होई. नसलें तर दूरध्वनीवर पडद्यावरचे पन्नास आंकडे वाचून दाखवावयाचे, व पलीकडून सांगितलेले बेचाळीस आंकडे टिपून घेऊन यंत्रांत भरावयाचे. घरोघरीं इंटरनेट पोंचलें नव्हतें त्या काळांत हा पाढा पुष्कळांनीं वाचला आहे.

त्या पन्नास आंकड्यांत काय दडलेलें असे? एक तर किल्लीवरून काढलेला क्रमांक. आणि दुसरें, यंत्राच्या भागांवरून काढलेला एक प्रकारचा ताळा. जुन्या शाळांतून नवाचा ताळा शिकवीत, तो ज्यांना आठवत असेल त्यांना हें चटकन् उमजेल. ४७३८ या संख्येचे आंकडे मिळविले तर २२, आणि त्यांचे पुनः मिळविले तर ४. संख्येवरून ताळा काढतां येतो, पण ४ या ताळ्यावरून मूळ संख्या ४७३८ च होती असें सांगतां येत नाहीं. त्याच न्यायानें कंपनीकडे यंत्राची ओळख जाई, पण त्यांतील भागांचे पुरे तपशील जात नसत. जुलै २००१ मध्यें, म्हणजे विंडोज एक्स-पी विक्रीस येण्यापूर्वींच, बर्लिनच्या फुली लायसेन्स्ड नांवाच्या एका कंपनीनें ही सारी रचना उकलून प्रसिद्ध केली होती.

आतां खरा प्रश्न. आपल्याकडे बैलगाडीची धाव झिजली कीं नवी चढवितात. मग आरे बदलतात, जूं बदलतें. तरी गाडी कोणाची असें गांवांत कोणी विचारीत नाहीं, कारण ती ओळखणारीं माणसें भोंवतीं असतात. संगणकाला अशी माणसें नसतात. त्याचे भाग हेच त्याचे साक्षीदार. आणि घरचा संगणक म्हटला कीं त्यांत रॅम वाढते, डिस्क मोडते, कार्डें बदलतात. तेव्हां किती भाग बदलले म्हणजे यंत्र दुसरें झालें असें धरावयाचें? तत्त्वज्ञांनीं शतकानुशतकें घोळविलेल्या या प्रश्नाचें उत्तर मायक्रोसॉफ्टला चक्क आंकड्यांत द्यावें लागलें.

त्यासाठीं त्यांनीं दहा पंचांची पंचायत बसविली असें म्हणावयास हरकत नाहीं. प्रोसेसरचा प्रकार, प्रोसेसरचा अनुक्रमांक, रॅमचें प्रमाण, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्डाचा क्रमांक, हार्ड डिस्क, डिस्कच्या विभागाचा अनुक्रमांक, सी.डी. वाचणारें यंत्र, आणि आय.डी.ई. व स्कझी या दोन जोडण्यांचे नियंत्रक, असे ते दहा. यांत नेटवर्क कार्डाला मान मोठा, कारण त्याचा क्रमांक सहसा दुसऱ्या कोणाचा नसतो. तें कार्ड कायम असेल तर बाकीच्यांपैकीं पांच पंच बदलले तरी यंत्र तेंच मानलें जाई; सहावा बदलला कीं पुनः नोंद करावी लागे. नेटवर्क कार्डच बदललें तर मात्र तें धरून चार बदलांत निकाल लागे. पडदा, कळफलक, माउस, प्रिंटर यांना या पंचायतींत स्थान नव्हतें. नवी वस्तु वाढविली तर तिचीही गणना होत नसे. जुनी गेली कीं गणना.

मौज अशी कीं, या यादींत मदरबोर्डाचें नांवच नाहीं. आणि तरीही सर्वांत अधिक गोंधळ मदरबोर्ड बदलल्यानेंच झाला. कारण उघड आहे. नेटवर्क, ग्राफिक्स, डिस्कची जोडणी हीं सगळीं पूर्वीं वेगवेगळ्या कार्डांवर असत. त्याच सुमारास तीं एकेक करून बोर्डावरच येऊन बसलीं. बोर्ड बदलला कीं एका दमांत तीनचार पंच उठून जात, त्यांत मानाचा पंचही जाई, आणि नव्या बोर्डाला जुना प्रोसेसर बसला नाहीं तर आणखी दोन. प्रथम प्रथम असें झालें कीं यंत्र तेथल्या तेथें अडून बसे. सप्टेंबर २००२ मधील सर्व्हिस पॅक १ पासून तीन दिवसांची सवलत मिळाली. तीन दिवस थोडेच. पण चालूं काम सांठवून ठेवण्यापुरते पुरत.

या व्यवस्थेंतला अन्याय निराळ्याच ठिकाणीं होता. मोठ्या संस्थांना शेंकडों यंत्रें बसवावयाचीं असल्यामुळें त्यांना ज्या किल्ल्या दिल्या त्यांना ॲक्टिव्हेशन लागत नसे. अशी एक किल्ली विंडोज एक्स-पी विक्रीस येण्यापूर्वींच बाहेर फुटली आणि जगभर फिरली. म्हणजे दुकानांतून खोकें विकत आणणारा गृहस्थ पन्नास आंकडे वाचीत बसे, आणि चोरटी तबकडी वापरणाऱ्याला कोणी कांहींच विचारीत नसे. सर्व्हिस पॅक १ नें त्या किल्लीला अटकाव केला खरा, पण वर्षभर उशीर झाला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून यंत्र जुळवून घेणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांपैकीं कित्येकांना विंडोजला किंमत असते हेंच त्या काळीं ठाऊक नव्हतें. जुळवणाऱ्यानें भरून दिलेली आज्ञावली अस्सल कीं नकली हें विचारण्याची चाल नव्हती, आणि ग्राहकाला तें पडद्यावरून कळतही नव्हतें.

मोठ्या कारखान्यांतून तयार होऊन येणाऱ्या यंत्रांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या मदरबोर्डावरील बायॉसमध्यें कारखान्याची खूण असे, व विंडोज तेवढीच पाही. तेथें इतर सारे भाग बदलले तरी चाले; बोर्ड मात्र त्याच कारखान्याचा हवा. या प्रतीचा परवानाही त्या यंत्राबरोबरच संपतो, तर दुकानांतून वेगळी घेतलेली प्रत जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेतां येते. हा भेद आजही टिकून आहे, आणि पुष्कळशा तक्रारींचें मूळ तो माहीत नसण्यांत आहे.

साक्ष सर्वस्वी दूरच्या नोंदवहीवर सोंपविली म्हणजे काय होतें, हें २००७ च्या ऑगस्टमध्यें दिसलें. अस्सलपणा तपासणारी कंपनीची यंत्रणा २४ तारखेस बिघडली, व सुमारें एकोणीस तास ती अस्सल प्रतींना नकली ठरवीत राहिली. बारा हजारांहून कमी यंत्रांना याची झळ लागली असें कंपनीनें सांगितलें. जगाच्या हिशेबानें आंकडा लहान. पण वर्गांत हजर असलेल्या मुलापुढें गैरहजेरी मांडली तर तें एकच मूल आहे म्हणून त्याचें समाधान होत नसतें. त्या वर्षीं निघालेली व्हिस्टा तर नोंद न झाल्यास तासाभरानें बाहेर काढी. २००८ मध्यें ती कडक शिक्षा मागें घेण्यांत आली. विंडोज ७ नें पडदा काळा करण्यावर भागविलें, आणि त्यापुढील आवृत्त्यांत कोपऱ्यांतील अक्षरें व रंगरूप बदलण्यास बंदी, एवढेंच उरलें. शिक्षा सौम्य होत गेली ही गोष्ट मला शहाणपणाची वाटते.

२०१२ च्या विंडोज ८ पासून कारखान्याच्या यंत्रांत प्रत्येक बोर्डाच्या पोटांत स्वतंत्र किल्ली घालूं लागले, आणि लॅपटॉपच्या पाठीवरील चिटोऱ्यावर छापलेलीं पंचवीस अक्षरें नाहींशीं झालीं. २९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० आली, तेव्हां जुन्या आवृत्तीवरून वर्षभर फुकट बढती देण्यांत आली. बढती घेणाऱ्यांना नवी किल्ली मिळालीच नाहीं. त्यांच्या यंत्राचा ताळा कंपनीच्या वहींत चढला, त्यालाच पुढें डिजिटल लायसन्स म्हणूं लागले. मग बोर्ड बदलला कीं हातांत दाखवावयास कागद नाहीं, आणि वहींतला ताळा जुळत नाहीं, अशी कोंडी झाली. जुनी विंडोज ७ ची किल्ली भरण्याची पळवाट पुष्कळ वर्षें चालली. सप्टेंबर २०२३ मध्यें ती बंद झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें.

कोंडी फुटली ती ऑगस्ट २०१६ मधील सुधारणेनें. तीपासून हें लायसन्स यंत्राबरोबर माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशींही जोडतां येऊं लागलें. बैलगाडी ओळखणारीं गांवचीं माणसें जणूं परत आलीं. यंत्र हार्डवेअर बदलल्याचें सांगतें (त्या दोषाचा क्रमांक शून्य एक्स सी, शून्य शून्य चार, एफ, दोन एक एक असा आहे), तेव्हां सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट हें बटण दिसतें. तें दाबून, आपण नुकतेंच हार्डवेअर बदललें आहे या अर्थाचा पर्याय निवडावा, आपल्या खात्यानें आंत शिरावें, व यादींतून आपलें जुनें यंत्र निवडून, सध्यां वापरतों तें हेंच, अशी खूण करावी. यादींत यंत्रांचीं नांवें दिसतात, म्हणून यंत्राला ओळखूं येईल असें नांव आधींच दिलेलें बरें. होम आवृत्तीचें लायसन्स प्रो आवृत्तीला लागत नाहीं. कारखान्याचें लायसन्स दुसऱ्या यंत्रावर जात नाहीं. आणि असें करण्याच्या वेळांनाही मर्यादा आहे.

यांत एक नवी अडचण मात्र उत्पन्न झाली आहे. साक्षीदार आतां खातें आहे, आणि तें कोणाचें हें घरांतल्यांना पुष्कळदां ठाऊक नसतें. मुलगा सुट्टींत येऊन यंत्र लावून देतो, स्वतःचें खातें घालतो आणि परदेशीं निघून जातो. किंवा दुकानदारच घाईनें एखादें खातें उघडून देतो. अशा घरीं बोर्ड बदलण्यापूर्वीं, यंत्र चालूं असेल तोंवरच, त्या खात्याचा पत्ता आणि परवलीचा शब्द विचारून घ्यावा आणि ॲक्टिव्हेशनचें पान उघडून पाहावें. लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशीं जोडलेलें आहे, अशा अर्थाचे शब्द तेथें असले पाहिजेत. नुसतें ॲक्टिव्ह एवढेंच दिसलें तर जोडणी झालेली नाहीं असें समजावें, व ती त्याच बैठकींत करून घेऊन मगच पेटीचे स्क्रू काढावे.