मराठा डिच लेन, बागबाजार

परवा मावसबहिणीशी फोनवर बोलताना आजीच्या काशाच्या वाटीचा विषय निघाला. ती म्हणाली, "तुझ्या त्या कलकत्त्याच्या प्रवासाबद्दल एकदा लिहून टाक ना. दरवेळी अर्धंच सांगतोस." खरंय. आज उरलेलं अर्धंही लिहितो.

जानेवारी २००६. एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधे नऊ दिवस मोकळे मिळाले होते आणि खिशात जेमतेम चार हजार रुपये होते. मित्रांपैकी कुणाला रजा नव्हती. म्हटलं, जिथे आपलं कुणीच नाही अशा एखाद्या मोठ्या शहरात एकट्याने हिंडून बघू. गीतांजली एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट काढलं. ही गाडी १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. तेव्हा तिला वर्गच नव्हते, सगळे प्रवासी सारखे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंची गादी आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. माझ्यासारख्याने त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे!

संध्याकाळी नागपूर आलं. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं, त्यामुळे नागपूर म्हटलं की मला आजी आठवते. आमचे कुणी पूर्वज रघूजीराजे भोसल्यांच्या फौजेत शिलेदार होते, बंगाल्याच्या स्वारीवर गेले होते, असं ती सांगायची. घरातली एक जाड काशाची वाटी त्यांनीच तिकडून आणली म्हणे. 'बंगाल्याची वाटी' हेच तिचं नाव. कोजागरीला पहिलं दूध त्या वाटीत, देवापुढे. आम्ही नातवंडं ती हातात मिळावी म्हणून भांडायचो. नागपूरच्या फलाटावर मी चहा प्यायलो आणि गाडी पूर्वेकडे निघाली. आपणही त्याच दिशेने चाललो आहोत हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही.

हावड्याला उतरल्यावर टॅक्सीवाल्यांचा गराडा चुकवून सरळ लाँचच्या धक्क्यावर गेलो. चार-पाच रुपयांत हुगळी पार. वर तो अवाढव्य पूल, १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला. ओळखीतल्या ओळखीने सियालदह स्टेशनजवळच्या एका जुन्या मेसमध्ये खाट मिळाली होती. 'मेस' म्हणजे आपल्यासारखी खानावळ नव्हे, तर गावाकडून नोकरीला आलेल्या पुरुषांची राहायची जागा. रात्रीचे सत्तर रुपये, न्हाणीघर सगळ्यांत एक. जेवायला पाइस हॉटेल. तिथे भात, डाळ, मासा प्रत्येकाचे वेगळे पैसे, आणि केळीचं पान हवं असेल तर त्याचेही वेगळे. मला ही पद्धत फार आवडली. खिशाकडे बघून ताट वाढवता-घटवता येतं. फिरायला ट्राम होतीच, तेव्हा ती बऱ्याच मार्गांवर चालायची. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पंखा नसायचा, तिकीट थोडं स्वस्त. जानेवारीत पंखा हवाय कुणाला?

दुसऱ्या रात्री मेसच्या मॅनेजरबाबूंनी वहीत माझं नाव लिहिताना विचारलं, "कहाँ से?"

"महाराष्ट्र."

सत्तरीचे गृहस्थ. चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसले. "अच्छा! तो आप बर्गी हैं।"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं की बंगालमध्ये मुलांना झोपवताना एक जुनी अंगाई म्हणतात, तिच्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे घोड्यावरून येणारे लुटारू. म्हणजे मराठे. त्यांच्या आईने त्यांना ती म्हटली होती आणि त्यांनी आपल्या नातीला. हे सगळं ते अगदी प्रेमाने सांगत होते, टोमणा अजिबात नव्हता. वर चहासुद्धा पाजला. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

शब्द आपलाच आहे. बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. आजीने आमच्या पूर्वजाला कधीही बारगीर म्हटलं नसतं, शिलेदारच! पण ज्याच्या घरावर घोडा येतो त्याला तो घोडा कुणाच्या मालकीचा याच्याशी काय देणंघेणं? तिकडे सगळेच बर्गी झाले.

आमच्या शाळेच्या पुस्तकात या स्वारीला फार तर दोन ओळी होत्या. भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, चौथाई मिळवली, संपलं. घरी परत आल्यावर मी मिळेल ते वाचलं, त्याचा सारांश असा. १७४० साली अलिवर्दी खान आधीच्या नवाबाला लढाईत मारून बंगालचा नवाब झाला. १७४२ मध्ये रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, फौज घेऊन बरद्वानवर उतरले. नवाबाच्या विरोधातला मीर हबीब त्यांना सामील झाला आणि वाट दाखवत मुर्शिदाबादपर्यंत घेऊन गेला. तिथे जगत सेठांची पेढी लुटली गेली. पुढच्या वर्षी तर नवाबाने खुद्द नानासाहेब पेशव्यांना पैसे कबूल करून रघूजींच्या विरुद्ध उभं केलं. म्हणजे बंगालच्या भूमीवर एकाच वेळी दोन मराठी फौजा, एकमेकींवर उठलेल्या. १७४४ मध्ये मानकरा इथे बोलणी करायला म्हणून बोलावून अलिवर्दीने भास्करपंतांना बरोबरच्या सरदारांसह छावणीतच कापून काढलं. त्यानंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी १७५१ चा तह झाला, वर्षाला बारा लाख चौथाई ठरली आणि ओरिसा भोसल्यांच्या हातात आला.

हा झाला राजेरजवाड्यांचा हिशेब. त्याच काळातला गंगाराम नावाचा एक बंगाली कवी आहे. 'महाराष्ट्र पुराण' हे त्याचं काव्य, हस्तलिखितावरचं साल १७५१ चं. त्यात गावं सोडून पळणाऱ्या लोकांची रांगच्या रांग आहे, ब्राह्मण पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन. मग जाळलेली घरं, पैशासाठी कापलेली नाकं आणि कान, बायकांवरचे अत्याचार. आणि गंगाराम काही आंधळा द्वेष करणारा नाही. लोक पापी झाले म्हणून शिवानेच मराठ्यांना पाठवलं, अशी त्याच्या काव्याची सुरुवात आहे. त्यामुळे पुढचं वाचताना जास्तच त्रास होतो.

हे वाचन पुढचं. त्या वेळी मला मॅनेजरबाबूंनी एवढंच सांगितलं होतं, "बागबाजार जाइए, वहाँ आपके नाम की गली है।"

गेलो. अरुंद गल्ली, हिरव्या झडपांच्या खिडक्या, आणि पाटीवर चक्क 'मराठा डिच लेन'. मराठे येणार या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी नवाबाच्या परवानगीने १७४३ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. खर्च आम्ही सोसू, असं इथल्या भारतीय रहिवाशांनीच कंपनीला सांगितलं होतं. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. १७५६ मध्ये सिराज-उद्-दौला आला तेव्हा त्या अर्धवट खंदकाने त्याला थोपवलं नाही. १७९९ मध्ये तो बराचसा बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड केला. ज्यांच्या भीतीने तो खणला ते आले नाहीत, जो आला त्याला तो अडवू शकला नाही, पण नाव राहिलं ते भीतीचं.

गल्लीत एका ओट्यावर एक आजी उन्हात बसल्या होत्या. मी पाटीकडे इतका वेळ काय बघतोय म्हणून त्यांनी हसून विचारलं, कुठून आलास? आणि मी म्हणालो, "बॉम्बे."

महाराष्ट्र म्हणालो नाही. मुंबईला तेव्हा सगळे मुंबईच म्हणायला लागले होते, मीसुद्धा. त्या गल्लीत मात्र मी बॉम्बे म्हणालो. त्या अगदी माझ्या आजीच्या वयाच्या होत्या. हीच ती न सांगितलेली गोष्ट.

मग श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर आलो, जिथे नेताजींचा घोड्यावरचा पुतळा आहे, आणि तिथून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडने दक्षिणेला चालत सुटलो. हाच जुना सर्क्युलर रोड, म्हणजेच खंदकाची रेघ. माणिकतला गेलं, राजाबाजार गेलं आणि समोर सियालदह आलं. माझी मेस! म्हणजे मी दोन रात्री त्या खंदकाच्या काठावरच झोपत होतो.

याच शहराने पुढे शिवाजी उत्सवही केला, हे सांगायला हवं. सखाराम गणेश देउस्कर मराठी घरातले, जन्म देवघरजवळचा, आणि लिहायचे बंगालीत. १९०२ पासून त्यांनी बंगालमध्ये हा उत्सव रुजवला. १९०६ मध्ये त्यासाठी स्वतः टिळक कलकत्त्याला आले होते. म्हणजे ज्या घरात बर्गीची अंगाई म्हटली जायची, त्याच घरातली मुलं मोठी होऊन शिवाजीमहाराजांचा जयजयकार करायला जात असतील. त्या लोकांनी दोन्ही आठवणी ठेवल्या. आपण आपल्या सोयीची तेवढी एक ठेवली.

परत आल्यावर आजीला मी ट्राम सांगितली, पाइस हॉटेल सांगितलं, केळीच्या पानाच्या पैशांवर ती खूप हसली. गल्लीचं बोललो नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला काय सांगायचं, की तुझ्या देवापुढची वाटी बहुतेक कुणाच्यातरी स्वयंपाकघरातून उचललेली आहे? आणि खरं म्हणजे ते तरी कुठे नक्की होतं? आमच्याकडे ना कागद, ना त्या पूर्वजाचं नाव. कदाचित ती वाटी कुणीतरी नागपूरच्या बाजारातून विकतही आणली असेल. पण आम्ही शंभर-दोनशे वर्षं अभिमानाने सांगत आलो ते 'स्वारीत आणली' असंच. तेव्हा अभिमान आमचा असेल तर त्यातला वाटाही आमचाच.

आजी २००९ मध्ये गेली. नंतर घराच्या वाटण्या झाल्या, भांडी कुणाकुणाकडे गेली. ती वाटी सध्या कुणाकडे आहे? मावशी, मामा, कुणाला माहीत असेल तर कळवा. मला ती नकोय, भांडणार नाही आता :-) फक्त एवढंच म्हणणं आहे, की या कोजागरीला तिच्यात दूध ओताल तेव्हा मुलांना शिलेदाराची गोष्ट सांगाच, पण बर्गीचीही सांगा.